चालत्या गाडीतला फोन थांबवायचा, तर सुरुवात फोन करणाऱ्यापासून

सातारा औद्योगिक वसाहतीतील एका लहान मालवाहतूक व्यवसायात गाड्यांचे वेळापत्रक सांभाळण्याचे काम मी अकरा वर्षे केले. गाडी निघाल्यापासून पोहोचेपर्यंत चालकाला दोन-तीन वेळा फोन लावून ‘कुठवर आलास?’ असे विचारणे हा आपल्या कामाचाच भाग आहे, अशी माझी पहिली काही वर्षे समजूत होती. एका पावसाळी संध्याकाळी पुण्याहून माल उतरवून परतणाऱ्या टेम्पोच्या चालकाला मी असाच फोन लावला. त्याने तो उचलला, ‘साहेब, घाटात आहे’ एवढेच शब्द आले आणि पाठोपाठ पत्रा घासल्याचा आवाज ऐकू आला. खंबाटकीच्या वळणावर गाडी कठड्याला घासली होती. माणूस सुखरूप राहिला, डावा आरसा आणि दरवाजा गेला. दुसऱ्या दिवशी मालकांनी चालकाला बोल लावला. त्या वेळी फोन कोणी केला होता, हे कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

चालकांना मोबाईलपासून परावृत्त करण्याचे बहुतेक प्रयत्न फसतात, ते याच ठिकाणी. आपण फलक लावतो, शपथ घेतो, दंडाची भीती घालतो, आणि तासाभराने त्याच चालकाला फोन करतो. म्हणून या लेखातील पद्धत फोन उचलणाऱ्यापासून सुरू न होता फोन करणाऱ्यापासून सुरू होते. गाड्यांचे मालक, साखर कारखान्यांचे शेतकी विभाग, शाळांच्या परिवहन समित्या आणि घरची माणसे अशा सर्वांना ती थोड्याफार फरकाने वापरता येईल.

कायदा किती पुरतो

प्रथम कायद्याची बाजू नीट समजून घ्यावी, कारण त्याविषयी अर्धवट माहिती फार आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ सप्टेंबर २०१९ पासून, गाडी चालवताना हातात धरून वापरायचे संपर्क साधन वापरणे हा कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्याचा प्रकार ठरतो. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम २१ नुसार परवानाही अडचणीत येऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२० पासून त्या नियमात एवढीच मोकळीक आहे की फोनचा उपयोग केवळ रस्ता पाहण्यासाठी, आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, करता येतो. हयगयीने कोणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एवढा कायदा असूनही रस्त्यावरचे चित्र आपण पाहतोच. २०२१ साली देशात मोबाईल वापरामुळे १,९९७ अपघात होऊन १,०४० माणसे मृत्युमुखी पडल्याची सरकारी नोंद आहे, तर त्याच वर्षी रस्ते अपघातांतील एकूण मृत्यू १,५३,९७२ होते. मोबाईलचा वाटा एवढाच असेल, यावर माझा विश्वास नाही. दारूचा वास येतो, वेगाच्या खुणा डांबरावर राहतात, पण आपटलेला फोन धडकेच्या क्षणी चालू होता की नव्हता, हे पंचनाम्यात सहजासहजी उतरत नाही. दंडाची भीती साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर किंवा टोल नाक्यावर, म्हणजे पोलीस दिसतात तिथे चालते. उंब्रजच्या पुढे मोकळा रस्ता लागला की चालकाच्या मनात दंड नसतो, वाजणारा फोन असतो.

चालकाला पटेल असे कसे सांगावे

उपदेशापेक्षा हिशेब पटतो, असा माझा अनुभव आहे. चालकांना एकत्र बसवून पुढील हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्यावा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. फोन उचलून कोणाचा आहे हे पाहून बाजूला ठेवायला पाच सेकंद धरले, तर तेवढ्यात ११० मीटर अंतर कापले जाते. एसटीच्या नऊ गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल, तेवढे अंतर चालकाने रस्त्याकडे न पाहता कापलेले असते. हा हिशेब आम्ही कार्यालयाबाहेरच्या रस्त्यावर पावलांनी मोजून दाखवला होता. साधारण दीडशे पावले चालून झाल्यावर मागे वळून पाहिले, तेव्हा आमचा सर्वांत जुना चालक काही न बोलता डोके खाजवत उभा होता.

दुसरी समजूत मोडावी लागते, ती ‘हात मोकळे असले की चालते’ ही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते फोन वापरणाऱ्या चालकाकडून अपघात होण्याची शक्यता सुमारे चौपट असते, आणि हात मोकळे ठेवून बोलल्याने धोका फारसा कमी होत नाही. अमेरिकेतील युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांतून याचे कारण पुढे आले. डोळे समोर असले तरी मन संभाषणात गुंतले की समोरची वस्तू दिसूनही टिपली जात नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे आणि फोनवर बोलणे यांतही फरक आहे. समोर उसाची ट्रॉली आली की शेजारचा माणूस आपोआप गप्प होतो, वेळ पडल्यास ‘अरे, ट्रॉली!’ म्हणून ओरडतो. फोनच्या पलीकडच्या माणसाला ट्रॉली दिसत नसल्यामुळे तो नातेवाइकाच्या साखरपुड्याचा विषय तसाच पुढे रेटत राहतो.

पहिली पायरी: फोन कोणाचे येतात, ते लिहून काढावे

कोणताही नियम जाहीर करण्यापूर्वी एक आठवडा केवळ नोंद ठेवावी. फेरी संपल्यावर चालकाने आपल्या फोनमधील कॉलची यादी पाहून, गाडी चालू असताना आलेले कॉल एका साध्या वहीत उतरवावेत. वेळ, कोणाचा आणि कशासाठी, एवढे तीन रकाने पुरेत. या नोंदीवरून कोणालाही बोलले जाणार नाही, असे आधीच स्पष्ट सांगावे, अन्यथा वही कोरी राहते किंवा खोटी भरली जाते. चालकाचा फोन स्वतःच्या हातात घेऊन यादी तपासू नये. तो त्याचा खाजगी फोन आहे, आणि एकदा विश्वास गेला की पुढच्या पायऱ्या चढता येत नाहीत.

आमच्या वहीत सर्वांत जास्त कॉल माझे स्वतःचे निघाले. त्याखालोखाल माल घेणाऱ्या दुकानदारांचे, मग घरचे, आणि शेवटी मित्रमंडळींचे. कारणेही मोजकीच होती: गाडी कुठवर आली, पत्ता कोणता, बिलाचे काय, येताना काय आणायचे. खरोखर तातडीचा म्हणावा असा त्या आठवड्यात एकच कॉल होता, तोही दुकान बंद असल्याचे सांगणारा, आणि तो चालकाने चहाच्या थांब्यावर घेतला असता तरी काही बिघडले नसते.

दुसरी पायरी: प्रत्येक कारणाला दुसरी वाट द्यावी

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असल्याने तिला पुरेसा वेळ द्यावा. ‘फोन करू नका’ असे नुसते सांगून भागत नाही, कारण माहितीची गरज खरी असते.

‘कुठवर आलास’ या प्रश्नासाठी फोनचीच मदत घेता येते. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास पाठवता येते, आणि गुगल मॅपमध्ये रस्ता सुरू केल्यावर प्रवासाची प्रगती दुसऱ्याला दिसेल अशी सोय आहे. चालकाने निघण्यापूर्वी, गाडी उभी असतानाच, ते कार्यालयाला आणि हवे असल्यास घरीही पाठवावे. फेरी संपल्यावर ते बंद करण्याचा अधिकार चालकाचा असावा, कारण कामाच्या वेळेनंतर तो कुठे जातो हा मालकाचा विषय नाही.

त्याच्या जोडीला बोलण्याचे थांबे ठरवून द्यावेत. आम्ही पुण्याच्या मार्गावर पाचवड आणि शिरवळ, आणि कोल्हापूरच्या मार्गावर उंब्रज आणि पेठ नाका असे थांबे ठरवले होते. चालकाने तिथे पेट्रोल पंपाच्या किंवा हॉटेलच्या आवारात गाडी आत घ्यावी, फोन पाहावा, उत्तरे द्यावीत आणि मग निघावे. महामार्गाच्या साईडपट्टीवर गाडी उभी करून बोलणे हा पर्याय म्हणून कधीही सुचवू नये. रात्रीच्या वेळी कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर मागून गाडी आदळल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्याला नवीन नाहीत.

पत्त्याची अडचण निघण्याआधी सोडवावी. दुकानदाराकडून ठिकाणाचे लोकेशन आधीच मागवून घ्यावे आणि त्याच वेळी त्याला कार्यालयाचा क्रमांक द्यावा, चालकाचा नव्हे. हा बदल लहान वाटला तरी आमच्याकडे निम्मी कटकट त्यानेच संपली. बिल, पैसे आणि परतीचा माल यांविषयीची बोलणी केवळ थांब्यावर करावीत.

घरच्या फोनचा प्रश्न नाजूक आहे. बायको, आई किंवा मुलगी काळजीपोटी फोन करते आणि उत्तर आले नाही तर काळजी दुप्पट होऊन पुन्हा करते. म्हणून घरच्यांना थांब्यांच्या अंदाजे वेळा सांगून ठेवाव्यात आणि खरीच आणीबाणी असेल तर कार्यालयाला फोन करण्यास सांगावे. शक्य असल्यास वर्षातून एकदा चालकांच्या कुटुंबीयांना बोलावून हे समजावून द्यावे. आमच्या अशा एका बैठकीत एका चालकाची आई म्हणाली, ‘तो उचलत नाही म्हणजे गाडी चालवतोय, असं समजायचं ना? मग बरंच आहे की.’ एवढे वाक्य घराघरांत रुजले, तर निम्मे काम झाले असे समजावे.

तिसरी पायरी: फोनची मांडणी

अँड्रॉइड फोनमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ची सोय असते. ती चालू केली की घंटा आणि सूचना थांबतात. मात्र तिच्यात एक चोरवाट आहे: एकाच माणसाने पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजू द्यावा, असा पर्याय बऱ्याच फोनमध्ये असतो. आयफोनमध्ये हीच मुदत तीन मिनिटांची आहे. हा पर्याय बंद करावा किंवा तो केवळ आणीबाणीसाठी आहे हे घरच्यांना बजावून सांगावे, नाहीतर सगळेच लोक दोनदा फोन करायला शिकतात. आयफोनच्या ‘ड्रायव्हिंग फोकस’मध्ये ‘मी गाडी चालवत आहे’ अशा अर्थाचे उत्तर संदेश पाठवणाऱ्याला आपोआप जाते, आणि गाडीच्या ब्लूटूथला फोन जोडला गेला की ही सोय आपोआप सुरू होईल असेही ठरवता येते. बटणांचा साधा फोन असेल तर तो सायलेंट करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा.

रस्ता पाहण्यासाठी फोन लागत असेल तर तो स्टँडवर, नजरेच्या रेषेच्या जरा खाली आणि समोरचा रस्ता झाकणार नाही असा बसवावा, ठिकाण निघण्यापूर्वीच भरावे आणि आवाजी सूचना चालू ठेवाव्यात. यवतेश्वर, कास किंवा केळघरच्या बाजूला जाणाऱ्यांनी नकाशा आधी डाउनलोड करून घ्यावा, कारण रेंज गेली की चालक हमखास फोन हातात घेऊन हलवत बसतो. मांडीवर किंवा स्टिअरिंगच्या मागे उभा करून ठेवलेला फोन हा स्टँड नव्हे.

चौथी पायरी: नियम, आणि तो आधी मालकाला लागू

नियम एका पानाचा असावा आणि त्यातील पहिले वाक्य कार्यालयासाठी असावे: गाडी फेरीवर असताना चालकाला फोन करणार नाही. दुसरे वाक्य असे की गाडी चालवताना फोन न उचलल्याबद्दल कोणालाही बोलणी बसणार नाहीत. चुकून फोन लागलाच, तर करणाऱ्याने पहिल्या शब्दात ‘गाडीवर आहेस का?’ असे विचारावे, आणि ‘हो’ आले की दुसरा शब्द न बोलता फोन ठेवावा. चालकाविषयीची वाक्ये त्यानंतर यावीत.

नियम मोडणाऱ्या चालकाचे पगारातून पैसे कापावेत की नाही, यावर आमच्याकडे बराच वाद झाला. माझे मत कापू नयेत असेच आहे. पैसे कापले की चालक फोन लपवतो, बोलणे थांबवत नाही. त्यापेक्षा प्रत्येक वेळी तो कॉल कोणाचा होता हे विचारून, त्या माणसाशी बोलावे. तरीही एखादा चालक घाटात व्हिडिओ पाहत जात असेल, तर मात्र त्याला गाडीवरून उतरवण्यात कसूर करू नये. वेळेत पोहोचल्याबद्दल बक्षीस ठेवले असेल तर त्याचाही फेरविचार करावा, कारण घाईत असलेला माणूस थांब्यावर थांबत नाही.

वडाप, एसटी आणि शाळेच्या गाड्या

स्वतःच्या गाड्यांपुरते हे सोपे आहे, पण आपण प्रवासी म्हणून बसतो तेव्हा काय करावे? वडापचा, म्हणजे सीट भरून चालणाऱ्या खाजगी जीपचा, चालक पुढच्या फाट्यावर किती माणसे उभी आहेत, हे दुसऱ्या वडापवाल्याला फोनवर विचारत असतो. त्याच्या धंद्याचा तो भाग आहे. त्याला कायदा ऐकवला तर तो चिडतो आणि गाडी आणखी जोरात हाणतो. ‘दादा, महत्त्वाचा फोन असेल तर पुढच्या थांब्यावर घ्या की, आम्हाला घाई नाही,’ असे शांतपणे म्हटले तर बहुतेक वेळा फोन खाली जातो. पुढच्या सीटवरचा माणूस हे बोलला तर अधिक उपयोग होतो, आणि मागून आणखी एकाने ‘बरोबर आहे’ म्हटले तर काम फत्ते. दादाच्या जागी समोरचा वयस्कर असेल तर मामा म्हणावे, त्याने बिघडत काही नाही.

एसटीमध्ये आधी वाहकाला सांगावे. फरक पडला नाही तर गाडीचा क्रमांक, मार्ग, तारीख आणि वेळ लिहून घेऊन आगार व्यवस्थापकांकडे लेखी तक्रार द्यावी. तक्रारींनी काही होत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण: मार्च २०२५ मध्ये दादर-स्वारगेट मार्गावरील ई-शिवनेरीचा चालक मोबाईलवर क्रिकेटचा सामना पाहत बस चालवत असल्याचे एका प्रवाशाने चित्रित करून परिवहन मंत्र्यांपर्यंत पोहोचवले, आणि त्या चालकावर कारवाई झाली. मात्र असे चित्रीकरण बसलेल्या प्रवाशानेच करावे. शेजारून दुचाकी चालवत दुसऱ्याच्या फोनचा व्हिडिओ काढणारे महाभागही मी पाहिले आहेत.

शाळेच्या गाड्यांसाठी मार्ग अधिक सरळ आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधीही असतो. समितीच्या बैठकीत एकच ठराव मांडावा: पालकांनी गाडीच्या चालकाला फोन करायचा नाही, चौकशी गाडीतल्या परिचारकाकडे करायची. ‘गाडी आली का?’ म्हणून सकाळी पावणेसातला चालकाला फोन करणारे तीस पालक जेव्हा आपल्या मुलाच्या सुरक्षिततेविषयी समितीत तावातावाने बोलतात, तेव्हा त्यांच्यासमोर चालकाची सकाळची कॉलची यादी, त्याच्या संमतीने, वाचून दाखवावी.

दुचाकीचे काय

दुचाकीस्वारांबाबत माझ्याकडे खात्रीचा उपाय नाही, हे मान्य करतो. मान वाकडी करून खांद्यात फोन दाबलेला, किंवा हेल्मेटच्या आत कानापाशी फोन खुपसलेला तरुण राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत रोज दिसतो. दुसऱ्या प्रकारात हेल्मेट घातल्याचे पुण्यही त्याला वाटत असते. त्यांच्यासाठी एकच सवय लावता येते: गाडी सुरू करण्यापूर्वी फोन खिशात न ठेवता डिक्कीत ठेवणे. खिशात थरथरणारा फोन माणूस काढतोच, डिक्कीतला काढण्यासाठी थांबावे लागते.

उसाचा हंगाम

शेवटचा विषय आपल्या भागाचा खास आहे. हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रात्री-अपरात्री रस्त्यावर असतो. मोठ्याने गाणी लावलेली असतात, आणि चालकाला चिटबॉय (ऊसतोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस), तोडणी टोळीचा मुकादम, ऊस देणारा शेतकरी आणि ट्रॅक्टरचा मालक असे चौघे जण आळीपाळीने फोन करत असतात. ‘फडात केव्हा येतोस?’, ‘नंबर लागला का?’, ‘खाली कधी होणार?’ या तीन प्रश्नांसाठी हे सर्व कॉल असतात. त्यांची उत्तरे दोनच जागी मिळतात, फडावर भरताना आणि कारखान्याच्या यार्डात रांगेत उभे असताना. चालकाने केवळ याच दोन जागी बोलावे आणि बाकीच्या चौघांनी आपापसांत निरोप पोहोचवावेत, एवढे ठरले तरी पुष्कळ होईल. मुकादमाने चालकाला नव्हे, चिटबॉयला फोन करायचा. शेतकऱ्याने मुकादमाला विचारायचे. मालकाने यार्डातून चालकाचाच फोन येण्याची वाट पाहायची.

ही बोलणी कारखाना सुरू होण्यापूर्वी, वाहतुकीचे करार होत असतानाच, शेतकी विभागाने चौघांनाही एकत्र बसवून करून घ्यावीत, आणि कोणी कोणाला फोन करायचा याचा कागद ट्रॅक्टरच्या टपाखाली, चालकाच्या डोळ्यांसमोर न येता हाताशी राहील असा, चिकटवून द्यावा. एकदा गव्हाणीत मोळी पडली, म्हणजे उसाचे गाळप सुरू झाले, की पुढचे चार-पाच महिने त्यांच्यापैकी कोणालाही बसायला वेळ मिळत नाही.